शेजाऱ्यानं वायफाय वापरलं तर बिघडलं कुठे?

लालबाग-परळच्या चाळींत, गिरगावातल्या वाड्यांत किंवा दादरच्या जुन्या इमारतींत वायफायचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. महिन्याचं बिल ठरलेलं असतं, नेट अमर्याद असतं. समोरच्या खोलीतल्या मुलीनं त्यावर अभ्यास केला किंवा मधल्या मजल्यावरच्या आजोबांनी नातवाशी व्हिडिओ कॉल केला, तर आपल्या खिशातून काय जातं? नळाच्या पाण्यापासून दिवाळीच्या फराळापर्यंत सगळं वाटून घेणाऱ्या वस्तीला वायफायचा पासवर्ड लपवून ठेवणं कद्रूपणाचं वाटतं. प्रश्न मनापासूनचा आहे, म्हणून त्याचं उत्तरही नीट द्यायला हवं. त्यासाठी २००८ च्या पावसाळ्यात जावं लागतं.

१. तीन ईमेल आणि तीन निरपराध जोडण्या

२६ जुलै २००८, शनिवार. संध्याकाळी अहमदाबादमध्ये एकामागून एक बॉम्बस्फोट झाले आणि त्यांत ५६ माणसं दगावली. पहिल्या स्फोटाच्या काही मिनिटं आधी ‘इंडियन मुजाहिदीन’ या दहशतवादी संघटनेच्या नावानं प्रसारमाध्यमांना एक ईमेल पोहोचला होता. तो कुठून निघाला याचा माग काढत महाराष्ट्राचं दहशतवादविरोधी पथक थेट नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका घरात येऊन पोहोचलं. त्या घरात नोकरीनिमित्त भारतात आलेला एक अमेरिकन नागरिक राहत होता. त्याचे संगणक तपासणीसाठी नेण्यात आले, त्याची पुन्हा पुन्हा चौकशी झाली, त्याचं नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. ईमेल त्यानं पाठवलाच नव्हता. त्याच्या घरातलं वायफाय पुरेसं सुरक्षित नव्हतं आणि बाहेरच्या कुणीतरी त्यात शिरून काम साधलं होतं.

महिन्याभरात, २३ ऑगस्टला, दुसरा ईमेल आला. या वेळी माग माटुंग्याला, खालसा कॉलेजच्या वायफायपाशी संपला. दादर टीटीपासून हे ठिकाण फार लांब नाही. तिसरा ईमेल १३ सप्टेंबरला, दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळी आला. त्यासाठी चेंबूरमधल्या एका खासगी कंपनीची जोडणी वापरली गेली. घर, कॉलेज आणि कंपनी यांपैकी कुणाचाही कटाशी संबंध नव्हता. ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या गुन्हे शाखेनं काही जणांना अटक केली. त्यांत पुण्यात नोकरी करणारा एक संगणक अभियंताही होता. कमी सुरक्षित वायफाय शोधण्यासाठी ही मंडळी लॅपटॉप घेऊन शहरात फिरत होती, असं पोलिसांनी सांगितलं.

जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनीही हाच मार्ग उलट्या दिशेनं वापरायचं ठरवलं. लॅपटॉप घेतलेली पथकं रस्त्यावर फिरतील आणि जिथे वायफाय उघडं सापडेल तिथल्या मालकाला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली नोटीस देतील, असं जाहीर झालं. फेब्रुवारीत केंद्राच्या दूरसंचार विभागानंही इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांच्या वायफायच्या सुरक्षेबद्दल सूचना दिल्या. घरातल्या राउटरच्या लहानशा पेटीकडे सरकारचं एवढं लक्ष आधी कधी गेलं नव्हतं.

२. पोलीस नेमके त्याच दारात कसे आले?

इंटरनेटवर पाठवलेल्या प्रत्येक गोष्टीला परतीचा पत्ता लागतो, नाहीतर उत्तर कुठे यायचं ते कळणार नाही. हा पत्ता म्हणजे आयपी क्रमांक. तो प्रत्येक फोनला वेगळा मिळेलच असं नाही. घरातल्या दोन फोनचा, एका लॅपटॉपचा आणि टीव्हीचा सगळा व्यवहार राउटर गोळा करतो आणि अनेकदा बाहेर एकाच क्रमांकानं पाठवतो. आत कुणी काय केलं, हे बाहेरून दिसत नाही. बाहेर फक्त जोडणी दिसते.

आता अनेक कंपन्या एकच क्रमांक बऱ्याच ग्राहकांना मिळून वापरायला देतात. पण कोणत्या क्षणी तो कुणाकडे होता, याची नोंद कंपनीकडे असते. पोलिसांनी विचारलं की त्या नोंदीतून एक नाव आणि एक पत्ता निघतो. ज्याच्या नावावर बिल येतं, त्याचं ते नाव असतं. परवानगीशिवाय, अप्रामाणिक हेतूनं दुसऱ्याच्या जोडणीत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे, त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण शिरणारा सापडेपर्यंत उत्तरं द्यावी लागतात ती बिल भरणाऱ्यालाच.

म्हणजे समोरच्या खोलीतल्या मुलीनं नेट वापरण्यानं काहीच बिघडत नाही. तिला सगळे ओळखतात. बिघडतं ते कोण वापरतंय हे मालकाला सांगता येत नाही तेव्हा.

३. दहा मीटरमध्ये किती घरं?

बंगल्यात राहणाऱ्याचं वायफाय बहुधा त्याच्या बागेतच विरतं. मध्य मुंबईत तसं होत नाही. ना. म. जोशी मार्गावरच्या किंवा नायगावच्या बीडीडी चाळींचं उदाहरण घेऊ. तिथली जुनी खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे सुमारे १५ चौरस मीटर. राउटरपासून चारी बाजूंना दहा मीटर अंतर धरलं तर एका मजल्यावर ३१४ चौरस मीटरचं वर्तुळ होतं. ३१४ ला १५ नं भागलं की येतात जवळपास २१ खोल्या. या चाळींत साधारणपणे एका मजल्यावर वीस खोल्या असतात. म्हणजे मधल्या खोलीतला एक राउटर कागदावर तरी अख्ख्या मजल्याला पुरतो. खाली-वरचे मजले आणि समोरची इमारत यांची मोजदाद अजून झालेलीच नाही.

भिंती लहरींचा जोर कमी करतात, हे खरं. पण २.४ गिगाहर्ट्झची लहर पातळ भिंतींतून आणि लाकडी पार्टिशनमधून बऱ्यापैकी पार जाते. ५ गिगाहर्ट्झची लहर जास्त वेगवान असली तरी भिंतींपुढे लवकर थकते. बहुतेक राउटर दोन्ही एकदम चालवतात.

शिवाय चाळीच्या बाहेर रस्ता असतो. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत लालबागच्या गल्ल्यांत दर्शनाच्या रांगा तासन् तास खिडक्यांखाली उभ्या असतात आणि रांगेतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात फोन असतो. त्यांतल्या कुणाच्या मनात वाईट असेल असं मुळीच नाही. पण वायफायची हद्द उंबरठ्यावर संपते, हा समज या वस्तीत तरी सोडून द्यावा लागतो.

४. सगळ्यांना ऐकू येतं, तरी कळत नाही

वायफायवरचं बोलणं चाळीच्या गॅलरीत मोठ्यानं बोलण्यासारखं असतं. बोलणारा एकाशी बोलतो, पण ऐकू मात्र सगळ्यांना जातं. गॅलरीत खासगी बोलायचं तर एकच उपाय उरतो. दोघांनी आपसांत ठरवलेल्या सांकेतिक भाषेत बोलायचं. बाकीच्यांच्या कानांवर आवाज पडतो, अर्थ लागत नाही. वायफायमध्ये ही सांकेतिक भाषा पासवर्डच्या आधारानं तयार होते. पासवर्ड दारावरचा पहारेकरी तर आहेच, शिवाय आतलं बोलणं झाकण्याची किल्लीही आहे.

ही भाषा तीन वेळा बदलावी लागली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या पहिल्या पद्धतीचं नाव वेप. २००१ मध्ये तीन गणितज्ञांनी तिच्यातली खोट दाखवली आणि २००७ पर्यंत ती मिनिटाभरात फोडण्याची रीत जर्मनीतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केली. म्हणजे मुंबईतल्या त्या तीन ईमेलच्या वर्षी वेपचं कुलूप लावलेलं वायफायही जवळपास उघडंच होतं. २००३ मध्ये डब्ल्यूपीए आलं, ती तात्पुरती डागडुजी होती. २००४ मध्ये आलेलं डब्ल्यूपीए-२ आजही घरोघर चालतं. २०१७ मध्ये मॅथी व्हॅनहूफ या बेल्जियन संशोधकानं त्यातही एक फट शोधली. ती फोन आणि संगणकाच्या अपडेटनं बुजवता आली. २०१८ पासून डब्ल्यूपीए-३ मिळू लागलं.

राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए-३ दिसलं तर ते निवडावं. घरात जुना फोन असेल तर डब्ल्यूपीए-२ आणि ३ यांचा मिश्र पर्याय घ्यावा. तेही नसेल तर डब्ल्यूपीए-२, त्यातही एईएस लिहिलेला पर्याय. फक्त वेप एवढंच दिसत असेल तर राउटर बदलावा. दुरुस्ती करण्यासारखं त्यात काही उरलेलं नाही.

२००८ नंतर एक गोष्ट सुधारली आहे, तीही सांगायला हवी. बँका, ईमेल आणि बहुतेक संकेतस्थळं आता स्वतःचं वेगळं सांकेतिक आवरण वापरतात. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असतं, ते हेच. त्यामुळे शेजारी बसून बँकेचा पासवर्ड वाचणं आज सोपं राहिलेलं नाही. धोका आता दोन ठिकाणी जास्त आहे. एक, आपल्या नावाच्या जोडणीवरून दुसऱ्यानं गुन्हा करणं. दोन, घरातल्या राउटर आणि कॅमेऱ्यासारख्या यंत्रांवर ताबा मिळवणं.

५. मोबाइल नंबर हा पासवर्ड का नाही

नेट लावायला आलेला मुलगा घाईत असतो. तो विचारतो, ‘पासवर्ड काय ठेवू?’ आणि उत्तराची वाट न पाहता ग्राहकाचा मोबाइल नंबर टाकून जातो. दहा आकडे म्हणजे भरपूर झाले, असं वाटतं. हिशेब करून पाहू.

डब्ल्यूपीए-२ मध्ये एक उणीव आहे. फोन वायफायला जोडला जातो त्या क्षणी राउटर आणि फोन यांच्यात एक छोटी देवाणघेवाण होते. ती कुणीही टिपून घेऊ शकतो. मग ती घरी नेऊन, निवांत बसून, संगणकाला एकेक पासवर्ड लावून पाहायला सांगायचं. राउटरला याचा पत्ताही लागत नाही. चांगलं ग्राफिक कार्ड असलेला संगणक सेकंदाला दहा लाख अंदाज सहज करतो.

भारतातला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतो. पुढचे नऊ आकडे काहीही असू शकतात. एकूण शक्यता ४०० कोटी. दहा लाखांनी भागलं तर ४,००० सेकंद, म्हणजे एक तास सात मिनिटं. जन्मतारीख असेल तर शंभर वर्षांत तारखाच साडेछत्तीस हजार होतात, एक सेकंदही लागत नाही. आणि शेवटी ‘@१२३’ जोडलेली नावं या कामासाठी बनवलेल्या याद्यांत सगळ्यात आधी असतात. शिवाय नंबर सोसायटीच्या फलकावर किंवा दुकानाच्या पाटीवर लिहिलेला असेल तर संगणकाचीही गरज उरत नाही.

मग लक्षात राहील असा भक्कम पासवर्ड कसा करायचा? एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द घ्यावेत आणि इंग्रजी लिपीत सलग टाइप करावेत. कंदील, पागोळी, टपाल, सतरंजी, हुरडा अशा धाटणीचे. हेच मात्र घेऊ नयेत, कारण आता ते छापले गेले आहेत. रोजच्या वापरातले ५,००० शब्द धरले आणि त्यांतून डोळे मिटून पाच उचलले, तर शक्यता तीनावर अठरा शून्यं लिहावीत त्याहूनही जास्त होतात. त्याच संगणकाला त्या सगळ्या तपासायला सुमारे ९९,००० वर्षं लागतील. अट एवढीच की शब्द खरोखर कसेही उचललेले हवेत. आरतीची ओळ, गाण्याचा मुखडा किंवा घरातल्या पाच जणांची नावं चालणार नाहीत. वायफायच्या पासवर्डला ६३ अक्षरांपर्यंत जागा असते, त्यामुळे कंजुषी करायचं कारण नाही.

डब्ल्यूपीए-३ मध्ये प्रत्येक अंदाज राउटरलाच विचारावा लागतो, घरी नेऊन फोडता येत नाही. त्याचा मुख्य फायदा हाच. पण तिथेही जन्मतारीख ठेवायला ती सबब नव्हे.

वायफायचं नावही बदलावं. कारखान्यातून आलेल्या नावावरून राउटरचं मॉडेल कळतं. मात्र नवीन नावात आडनाव आणि खोली नंबर घालू नये. कोणती जोडणी कुणाची हे रस्त्यावरच्या माणसाला कशाला सांगायचं?

६. एका बटणाची गोष्ट

अनेक राउटरवर डब्ल्यूपीएस लिहिलेलं बटण असतं. पासवर्ड न टाकता प्रिंटर किंवा टीव्ही जोडता यावा म्हणून ही सोय केली गेली. तिचा एक प्रकार आठ आकडी पिनवर चालतो. आठ आकड्यांचे दहा कोटी पिन होतात, म्हणजे सुरक्षितच, असं करणाऱ्यांना वाटलं असावं. डिसेंबर २०११ मध्ये स्टेफान फीबॉक या संशोधकानं दाखवलं की राउटर पिन दोन तुकड्यांत तपासतो. पहिले चार आकडे बरोबर आले की तसं सांगूनही टाकतो. म्हणजे आधी फक्त १०,००० शक्यता. शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, म्हणून दुसऱ्या तुकड्यात उरल्या १,०००. दहा कोटींचा डोंगर ११,००० वर आला. एका अंदाजाला दोन सेकंद धरले तर साधारण सहा तास.

नंतर आलेले बरेच राउटर चार-पाच चुकांनंतर पिन बंद करतात. तरी ही सोय घरात वर्षातून एकदा लागते आणि जोखीम वर्षभर राहते. सेटिंगमध्ये जाऊन डब्ल्यूपीएस बंद करावं. पासवर्ड कितीही लांब असला तरी ही मागची खिडकी त्याला वळसा घालते.

७. राउटरचा दुसरा पासवर्ड

राउटरला दोन पासवर्ड असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. एक वायफाय वापरण्याचा. दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. पेटीच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर १९२.१६८.१.१ किंवा तसाच एक पत्ता असतो. ब्राउझरमध्ये तो टाकला की हा दुसरा पासवर्ड विचारला जातो आणि बरेचदा तो ‘अ‍ॅडमिन’ असाच असतो.

राउटर असुरक्षित राहण्याची किंमत लोकांनी मोजली आहे. २०११-१२ मध्ये ब्राझीलमध्ये सुमारे ४५ लाख मोडेमची सेटिंग चोरांनी बदलली. लोक बँकेचा किंवा गूगलचा बरोबर पत्ता टाइप करत आणि मोडेम त्यांना बनावट पानावर नेऊन सोडत असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या प्रोग्रामनं कारखान्यातून आलेल्या पासवर्डांची साठेक जोड्यांची यादी घेऊन जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यांच्या जोरावर अमेरिकेत ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. भारतात जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम अशाच हल्ल्यात बंद पडले. ज्यांनी मूळचा पासवर्ड बदलला नव्हता त्यांना झळ लागली आणि कंपनीला तो बदलण्याचं आवाहन करावं लागलं.

म्हणून हा दुसरा पासवर्ड वेगळा आणि लांब ठेवावा. तो घरातल्या वहीत लिहून ठेवला तरी चालतो. चोर वहीपर्यंत पोहोचला तर वायफाय ही शेवटची चिंता असेल. त्याच पानावर बाहेरून राउटर हाताळण्याची सोय चालू असेल तर बंद करावी आणि राउटरचं अपडेट आलंय का तेही पाहून घ्यावं. कंपनीनं अपडेट देणंच थांबवलं असेल तर ती पेटी चालत असली तरी म्हातारी झाली, असं समजावं.

दोन उपायांवर मात्र वेळ घालवू नये. वायफायचं नाव लपवणं आणि ठरावीक फोनच्या मॅक क्रमांकांनाच (हा यंत्राचा क्रमांक, मोबाइल नंबर नव्हे) परवानगी देणं, हे दोन्ही सल्ले फार ऐकू येतात. लपवलेलं नाव आणि फोनचा मॅक क्रमांक, दोन्ही हवेतून टिपता येतात आणि क्रमांकाची नक्कलही करता येते. त्रास होतो तो घरच्यांनाच.

८. पाहुणे, भाडेकरू आणि टीव्ही

गिरगावातल्या घरी गणपती आले की आरतीला तीसेक माणसं जमतात आणि प्रसादाबरोबर पासवर्डही वाटला जातो. दिलेला पासवर्ड परत घेता येत नाही. तो त्या फोनमध्ये वर्षानुवर्षं राहतो आणि तिथून पुढे जातो. भिंतीवर क्यूआर कोड लावणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. त्या चौकोनात पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला असतो, फोटो काढणाऱ्या कुणालाही तो वाचता येतो.

नाही म्हणायची मात्र गरज नाही. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय सुरू करता येतं. ‘गेस्ट नेटवर्क’ असं लिहिलेलं असतं. त्यावर आलेल्याला नेट मिळतं, घरातला संगणक आणि प्रिंटर दिसत नाहीत. त्याला वेगळा पासवर्ड द्यायचा आणि विसर्जनानंतर तो बदलायचा. समोरच्या खोलीतल्या मुलीलाही हाच द्यावा. बाहेर दिसणारा पत्ता अर्थात मालकाचाच राहतो, म्हणून हा पासवर्डही फक्त ओळखीच्यांनाच. स्मार्ट टीव्ही, गॅलरीतला कॅमेरा, आवाजावर चालणारा स्पीकर हेही त्याच जोडणीवर ठेवावेत, कारण या यंत्रांना अपडेट क्वचित मिळतात.

पेइंग गेस्ट ठेवणाऱ्या दादर-परळच्या घरांनी प्रत्येक भाडेकरू गेल्यावर पासवर्ड बदलावा. तसंच जुना राउटर भंगारात देण्याआधी त्याच्या मागच्या छिद्रात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरावी, म्हणजे आतली माहिती पुसली जाते.

कुणी अनोळखी जोडलेलं आहे का, हे राउटरच्या पानावरच्या यादीत दिसतं. हल्लीचे फोन स्वतःचा खरा मॅक क्रमांक झाकतात, त्यामुळे यादीतली नावं ओळखीची वाटतीलच असं नाही. घरातलं एकेक यंत्र बंद करत जावं आणि यादीत काय उरतं ते पाहावं. काही उरलंच तर आधी त्या यादीचा फोटो घ्यावा, मग दोन्ही पासवर्ड बदलावेत. पैशांची फसवणूक झाली असेल तर क्षणभरही न थांबता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या तासांतच सर्वाधिक असते.

राउटर बदलावा लागला नाही, तर हे सारं काम तासाभराचं आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. पण गिरगाव-दादरच्या कितीतरी घरांत आज एकटी म्हातारी माणसं राहतात. मुलगा पुण्याला किंवा परदेशात असतो, जोडणी मात्र वडिलांच्या नावावर असते आणि पासवर्ड नेटवाल्यानं ठेवलेला असतो. रक्तदान शिबिरं आणि वह्यावाटप करणाऱ्या गणेशोत्सव मंडळांनी वर्षातला एक रविवार या कामाला द्यावा. इमारतीतल्या संगणक जाणणाऱ्या दोन-तीन मुलामुलींनी खोलीखोलीत जाऊन आजी-आजोबांना शेजारी बसवून दोन्ही पासवर्ड बदलावेत, डब्ल्यूपीएस बंद करावं आणि नवे पासवर्ड त्यांच्याच हातानं त्यांच्या वहीत लिहून घ्यायला लावावेत.